आपल्या कवितेत मैत्रीण कुठाय?

संपादकांनी प्रेमकवितांचा एक गठ्ठा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, बघ, ह्यातलं काय घ्यायचं. तिसरी पाळी करून आलं की दिवसा पत्र्याखाली झोप लागत नाही. त्या तीन-चार दुपारी मी सगळ्या कविता वाचून काढल्या. कवी आपलेच आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत, मोर्चात, अभ्यासिकेत खांद्याला खांदा लावणारे. म्हणूनच गोड गोड रसग्रहण करणार नाही. ते करणारे प्रस्थापितांकडे पुष्कळ आहेत. मला भांडायचंय.

कविता एका साच्यातून निघाल्यासारख्या आहेत. कवी रात्रभर जागतो. पहाटे मनुस्मृती जाळतो. मग तिच्या गल्लीत शिरतो. तिच्या वाड्याला खिंडार पाडतो, तिच्या बापाचं जानवं तोडतो, नाहीतर पाटलाच्या पोरीच्या केसात निळं फूल खोवतो. शेवटच्या ओळीत क्रांती होते. एवढ्या धुमश्चक्रीत ती पोरगी काय करते? उभी राहते. तिचा हात धरला जातो, तिला उंबऱ्याबाहेर आणलं जातं, तिच्या अंगावरून इतिहास चालत जातो. पण बाई गं, तुला यायचंय का, असं एकही कवी तिला विचारत नाही. तिला तोंड आहे, कारण तोंडाचं वर्णन आहे. ती बोलत मात्र नाही.

आणि आपल्यातली पोरगी? ती तर प्रेमकवितेत येतच नाही. तिच्यासाठी दलित कवितेत तीन जागा राखीव ठेवल्यात. पहिली मायची: मोळी वाहणारी, लेकराला भाकर देऊन आपण पाणी पिणारी. दुसरी रमाईची: गोवऱ्या थापून नवऱ्याला शिकवणारी. तिसरी गावाने विटंबना केलेलीची. तिन्ही ठिकाणी ती सोसते. आपण तिच्यासाठी रडतो, पेटून उठतो, तिच्या नावाने शपथा घेतो. तिच्याशी गप्पा मारत नाही. तिला हसू येतं, तिला कुणाचा कंटाळा येतो, एखाद्या रात्री तिला नको असतं आणि एखाद्या रात्री तिलाच हवं असतं, हे आपल्या कवितेला ठाऊकच नाही. रमाईला मी कमी लेखत नाही. माझ्या खोलीत तिचा फोटो आहे. पण त्या फोटोकडे बोट दाखवून बायकोला ‘बघ, तिने कसे दिवस काढले’ म्हणणारे नवरे माझ्या गल्लीत आहेत. बाबासाहेबांसारखा अभ्यास त्यांच्याकडून होत नाही, बायकोने मात्र रमाई व्हायचं.

कुणी म्हणेल, होकार-नकाराची चैन करायला आपण काय शहरातल्या फ्लॅटात राहतो? आपल्या पोरांना प्रेमापायी जीव द्यावा लागतो. खरं आहे. नगर जिल्ह्यात सोनईला १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुण मारले गेले, प्रेमप्रकरणापायी. त्याच जिल्ह्यात खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या शाळकरी पोराला शाळेतून ओढत नेलं, मारलं आणि झाडाला टांगलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच गुन्हा. साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्याच्या मानेवर ही सुरी आहे त्याने प्रेमाची कविता लिहिणं हेच धाडस आहे. ते मी नाकारत नाही.

पण खर्ड्याच्या त्या गावगुंडांचं डोकं कसं चालतं ते बघा. पोरगं प्रेम करत होतं की नुसतं बोलत होतं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मुलीचं म्हणणं काय, हा तर त्याहून नाही. त्यांना एकच कळतं, मुलगी कुणाची. आमची का त्यांची. ते म्हणतात, आमच्या पोरीला नादी लावलं. आपला कवी म्हणतो, तुमची पोरगी जिंकून आणली. व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक मी रद्दीतून आणलं होतं, त्यातलं थोडं डोक्यात राहिलंय. ह्या दोन्ही वाक्यांत ती पोरगी कर्म आहे. कर्ता दोन्हीकडे बाप्या. मग तुमच्या विद्रोहाने वाक्य उलटं केलं, की नुसता कर्ता बदलला?

बाबासाहेब पंचविशीत होते तेव्हाची गोष्ट. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात एका चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं गुपित देवळात किंवा पाणवठ्यावर शोधलं नाही, लग्नात शोधलं. जातीतल्या जातीत लग्न टिकवायचं तर नवरा मेलेली बाई जास्तीची होते, बायको मेलेला बाप्या जास्तीचा होतो. मग बाईला सती घालवा, नाहीतर सक्तीने विधवा ठेवा. आणि बाप्यासाठी? लग्नाच्या वयात न आलेली पोर आणा. म्हणजे सती, वैधव्य, बालविवाह ही काही अडाणी माणसांची खुळं नव्हेत, जात नावाच्या यंत्राचे ते चालू सुटे भाग आहेत. आपली पोरं हा निबंध भाषणात सांगतात. प्रेमकविता लिहिताना विसरतात. बाईच्या शरीरावर पहारा ठेवून जात उभी राहिली असेल, तर आपण पहारेकरी बदलून जातिअंत कसा होणार?

ह्या पहाऱ्यालाच ते नीती म्हणतात. खैरलांजी आठवा, २९ सप्टेंबर २००६. एका कुटुंबातली चार माणसं मारली. मारल्यावर त्या घरातल्या आईबद्दल कुजबुज सुरू झाली, ‘अनैतिक संबंध’ होते म्हणून. वर्तमानपत्रांतसुद्धा ते छापून आलं. कोर्टांनी शिक्षा दिल्या, पण तो जातीचा अत्याचार होता हे मानलं नाही. बाई जमीन राखते, पोरं शिकवते, गावाला मान देत नाही, हे सहन होत नव्हतं. पण शब्द वापरायला कुठला सापडला? अनैतिक. म्हणून नीती हा शब्द कुणी उच्चारला की आपलं अंग आखडतं, ते बरोबरच आहे. ती नीती आपल्याला मारायला वापरलेली आहे. पण म्हणून नीतीचा विषयच आपला नाही असं म्हणून चालणार नाही. आपल्याला आपली नीती लागेल, आणि ती बाई कुणाची ह्या प्रश्नावर उभी नसेल.

आता संमतीबद्दल. हा शब्द आपल्याकडे कोर्टातून आला, आणि एका आदिवासी पोरीच्या अंगावरून आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आता ते गडचिरोलीत आहे. मार्च १९७२. पोलीस चौकीत दोन पोलिसांनी चौदा ते सोळा वर्षांच्या मथुरेवर अत्याचार केल्याची फिर्याद. खालच्या कोर्टाने १९७४ मध्ये त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये परत सोडलं. कारण काय, तर अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे ती राजी होती. रात्रीची चौकी, दार लावलेलं, दोन खाकीवाले आणि एक मजूर पोरगी. राजी! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. गप्प बसणं म्हणजे राजी असणं नव्हे, हे त्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं. त्यातून देशभर बायांची चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं गेलं की संमती म्हणजे शब्दाने, खुणेने, कशाने का होईना, पण स्वतःहून दिलेला नि:संदिग्ध होकार. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ही व्याख्या आहे. तिथेच एक भोकही तसंच ठेवलंय. बायको अठराच्या वरची असेल तर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणायचं नाही. घर ही एक चौकीच, दार आतून लावलेलं.

गप्प बसणं आणि राजी असणं ह्यातला फरक आम्हा गिरणीवाल्यांना तरी कुणी शिकवायला नको. आमच्याकडे महिन्याअखेर एक कागद फिरतो. त्यावर छापलेलं असतं की आम्ही जादा काम राजीखुशीने केलं. सगळे सही करतात. मीही करतो. कंत्राटी माणूस, नाही म्हटलं तर उद्या गेटवर नाव नाही. सुपरवायझर तोच कागद दाखवून म्हणतो, बघा, कुणाची तक्रार नाही. ह्या सहीला आपण होकार म्हणतो का? युनियनच्या सभेत कुणी म्हटलं तर त्याला खाली बसवू. मग त्याच सुपरवायझरपुढे सूत जोडणारी बाई हसून बोलली की ‘तिची पण मर्जी असेल’ म्हणणारे आपल्यातच कसे निघतात? मालकापुढच्या आपल्या होकारामागची भीती आपल्याला दिसते, बाप्यापुढच्या तिच्या होकारामागची दिसत नाही.

आणखी एक निकाल सांगतो, कारण तो आपल्या दारातला आहे. २१ ऑगस्ट २०१९, सर्वोच्च न्यायालय. खटला महाराष्ट्रातलाच. बाई अनुसूचित जातीतली, शिकलेली, नोकरी करणारी. तिचं म्हणणं, त्याने लग्नाचं वचन दिलं, वर्षानुवर्षं संबंध ठेवले आणि मग जातीवरून हात झटकले. न्यायालयाने फिर्याद रद्द केली. त्यांचा तर्क असा की वचन मोडणं वेगळं आणि मुळातच खोटं वचन देणं वेगळं; त्याने जातीची अडचण २०१४ मध्येच बोलून दाखवली होती, त्यानंतरही ती संबंधात राहिली, तेव्हा तिची संमती फसवून घेतली असं म्हणता येत नाही.

कायद्याच्या तराजूत हे कदाचित बरोबर असेल. तुटलेल्या प्रत्येक प्रेमाला तुरुंग हा उपाय नाही, असं मलाही वाटतं. पण आपण काही न्यायमूर्ती नाही, आपण कवी आणि कार्यकर्ते आहोत. निकाल संपतो तिथून आपलं काम सुरू होतं. जातीची अडचण लग्नाला येते आणि अंथरुणाला येत नाही, ही काय भानगड आहे? गावात हेच होतं. दिवसा विटाळ, रात्री नाही. शहरात, शिकलेल्यांत, नोकरदारांतसुद्धा तेच, फक्त दाराला लॅच आलं.

आणि थांबा, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. बौद्ध पोराने मातंग पोरीला दोन वर्षं फिरवायचं आणि लग्नाची वेळ आली की ‘आई ऐकत नाही’ म्हणायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा नाही, अनेकदा. त्यातल्या एकाच्या स्टेटसवर १४ एप्रिलला जातिअंताचं लांबलचक भाषण होतं. त्या पोरीने ते बघितलं असणार.

इथे नाटकाचं बोललंच पाहिजे. विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३. नाथ देवळालीकर हा समाजवादी आमदार, त्याची मुलगी ज्योती अरुण आठवले ह्या दलित कवीशी लग्न करते. अरुण दारू पितो, तिला मारतो, गरोदर असताना मारतो. त्याचं आत्मचरित्र गाजतं आणि त्याच्या कौतुकाच्या सभेला सासऱ्यालाच अध्यक्ष म्हणून बसावं लागतं. ह्या नाटकावर आपल्या लोकांनी टीका केली ती सकारण होती. बाईला मारणारा माणूस दाखवायला तेंडुलकरांना नेमका दलित कवीच मिळाला. खुर्चीत बसलेल्या पांढरपेशाला घरी जाताना बरं वाटलं, की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? स्वतःच्या वाड्यातल्या सुनेचे वळ त्याला दिसायचे थांबले. हेच तेंडुलकर ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये प्रस्तावना लिहून गेले होते, म्हणून राग जास्त.

पण आपण अरुणवर इतके अडकलो की नाटकाचं नाव वाचायचंच राहिलं. कन्यादान. दान कोण करतं? बाप. नाथला मुलीचं लग्न म्हणजे जात मोडण्याचा प्रयोग वाटतो. मार खाऊन ती माहेरी येते तेव्हा त्याला पोरीच्या आधी प्रयोगाची काळजी पडते. शेवटी तीच बापाला तोडून नवऱ्याकडे परत जाते, आपण कुठल्या शिकवणुकीत वाढलो ते त्याला ऐकवून. म्हणजे एका बाजूला तत्त्वासाठी मुलगी देणारा, दुसऱ्या बाजूला इतिहासाचा सूड तिच्या पाठीवर काढणारा. मधे ती. मला हे नाटक दलितविरोधी वाटतं. आणि मला हेही वाटतं की त्यातल्या बापाचं आणि आपल्या गठ्ठ्यातल्या कवीचं रक्त एकच आहे. दोघांनाही बाई एखाद्या कारणासाठी पाहिजे.

तेंडुलकर बामण म्हणून आपण उत्तर दिलं. पण दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. लिहिणारी मल्लिका अमर शेख. शाहीर अमर शेखांची मुलगी, स्वतः कवयित्री, आणि नामदेव ढसाळांची बायको. त्यात मारहाण आहे, दारू आहे, नवऱ्याकडून बायकोला आलेला गुप्तरोग आहे, आणि तरी कुठे कुठे प्रेमही आहे, म्हणून जास्त अंगावर येतं. ह्या पुस्तकाला बामणी कारस्थान म्हणता येत नाही. मी एका जुन्या कार्यकर्त्याला विचारलं, तुम्ही तेव्हा ह्यावर काय बोललात? म्हणाला, नवराबायकोची भानगड, आपण काय बोलायचं. मी म्हटलं, पाटलाने आपल्या बाईला मारलं तर चळवळीचा प्रश्न आणि पँथरने मारलं तर नवराबायकोची भानगड? चहा न पिता उठला.

‘गोलपिठा’ लहान होत नाही ह्याने. ती कविता मी पाठ केलेली आहे, ती नसती तर मी लिहिलंच नसतं. बाजारात विकल्या जाणाऱ्या बाईला मराठी कवितेत माणूस म्हणून आणणारा तो माणूस. पण समीक्षकाने दोन्ही पुस्तकं एका टेबलावर ठेवून वाचली पाहिजेत. एक कपाटात आणि एक गादीखाली, असं चालणार नाही. आणि पँथरच्या जन्माची पानं उघडा: राजा ढाले १९७२ च्या ‘साधना’त काळा स्वातंत्र्यदिन लिहितात तेव्हा त्यांचा संताप कशावर आहे? बौद्ध बाईचं लुगडं फेडणाऱ्याला होणारा दंड झेंड्याच्या अपमानाच्या दंडापेक्षा कमी, ह्यावर. बाईच्या अब्रूवरून ठिणगी पडलेली चळवळ आपली. घराच्या आत मात्र तिने उजेड पाडला नाही.

शहरातल्या पोरी आता निरोगी नातं, विषारी नातं असले शब्द बोलतात. आपली पोरं हसतात. म्हणतात, ही मोबाईलमधली फॅडं. हसणाऱ्यांनी मोबाईल जरा आपला बघावा. लोकेशन पाठव, पासवर्ड दे, फोटो काढून टाक, त्याच्याशी बोलू नको, ऑनलाइन होतीस तर उत्तर का दिलं नाहीस. पूर्वी बाईवर नजर ठेवायला चावडी लागायची, आता चावडी खिशात मावते. ह्याला काळजी म्हणायचं. काळजी आणि पहारा ह्यात फरक असतो. आपल्यावर हजारो वर्षं पहारा होता, आपल्याला तो ओळखू यायला पाहिजे.

आणि हे विषय परके म्हणणाऱ्यांना मी दोन तारखा सांगतो. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढायचे. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना त्यांनी उत्तरं छापली म्हणून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. पुणे कराराला दीड वर्ष झालेलं, येवल्याच्या घोषणेला दीड वर्ष बाकी. डोक्यावर आभाळाएवढी कामं. तरी हा माणूस कोर्टात उभा राहून सांगतो की लैंगिक प्रश्नावर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, माणसाला शंका असेल तर ज्ञान द्या. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, संततिनियमनाचा ठराव मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही पडला.

दुसरी तारीख २० जुलै १९४२, नागपूर, दलित महिलांची परिषद. हजारो बाया. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून जास्त बायका करण्यावर बंदी मागितली, गिरणीतल्या आणि विडी कारखान्यातल्या बायांसाठी रजा मागितली. अंथरूण, घर आणि कारखाना एकाच कागदावर! आणि बाबासाहेब पोरींना काय म्हणाले, तर लग्नाची घाई करू नका, आणि लग्न केलंत तर नवऱ्यापुढे उभ्या राहा, त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून. दासी होऊ नका. मैत्रीण. हा शब्द मला १९४२ च्या सगळ्या गदारोळात सगळ्यात मोठा वाटतो. देवी नाही, माता नाही, अर्धांगिनी नाही. मैत्रिणीला विचारावं लागतं. मैत्रीण नाही म्हणू शकते आणि नाही म्हटल्यावरही मैत्रीण राहते. मैत्रिणीचा फोन तपासत नाहीत. आजच्या पोरींच्या शब्दांत जे काही आहे, ते सगळं ह्या एका शब्दात आलेलं आहे, आणि तो आपल्या घरातला शब्द आहे.

कुणी तिसरं शील काढेल. बावीस प्रतिज्ञांत व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे, मग तुमचं हे होकाराचं पुराण कशाला, असं म्हणेल. प्रतिज्ञा मीही घेतलीय. पण व्यभिचार म्हणजे फक्त परक्या बाईकडे जाणं, आणि घरच्या बाईशी काहीही केलं तरी शीलवान, असा अर्थ कुणी सांगितला? सिगालोवाद सुत्तात तर नवऱ्याची कर्तव्यं आधी बायकोला मान देणं, तिचा अपमान न करणं अशी मोजलीत. धम्माच्या नावाने पोरीच्या पदरावर बोलणाऱ्यांनी ते काढून वाचावं.

मग मैत्रीण आपल्या साहित्यात कुठेच नाही का? आहे. बायांनी लिहिलेल्यात आहे, आणि ते आपण कविता म्हणून वाचलं नाही, समाजशास्त्राचा दाखला म्हणून वाचलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. पळून जाऊ नये म्हणून. बायांची कापलेली नाकं आहेत. आणि ही नाकं पाटलाने कापलेली नव्हेत. आपल्या समीक्षकांनी पुस्तकातलं दारिद्र्य उचललं, मेलेली जनावरं उचलली, बाबासाहेबांवरची श्रद्धा उचलली. खोडा तिथेच ठेवला, जड होता म्हणून. फलटणला दुकान चालवता चालवता ही बाई लिहीत होती, आणि लिहिलेले कागद कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवत होती. २००८ मध्ये पुस्तक इंग्रजीत गेलं, तेव्हाच्या मुलाखतीत तिने हे सांगितलंय, संशयावरून खाल्लेला मारही सांगितलाय. पुस्तकात स्वतःचा मार तिने लिहिला नाही, समाजाचा लिहिला. का नाही लिहिला, ह्यावर एक तरी लेख कुठल्या दलित पुरुषाने लिहावा.

ऊर्मिला पवारांनी २००३ च्या ‘आयदान’मध्ये ते दारही उघडलं. तिने आवडीने लग्न केलं. पहिल्या रात्रीबद्दल लिहिते, शरीराबद्दल लिहिते, त्यात लाजही नाही आणि मिरवणंही नाही. पुढे ती शिकायला लागते, सभांना जायला लागते, तसं घर आंबट होत जातं. नवरा राक्षस नाही. चांगला माणूस आहे. चांगल्या माणसालाही बायको बरोबरीची झालेली सोसत नाही, हे त्या पुस्तकात जसं कळतं तसं दहा जाहीरनाम्यांतून कळत नाही. तिची ‘कवच’ म्हणून एक कथा आहे. आई बाजारात आंबे विकते. गिऱ्हाइकं आंब्याच्या नावावरून दुअर्थी बोलतात. पोरगं शरमेने मरतं, आईने बाजारात जाऊच नये असं त्याला होतं. आणि आई गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सरळ करते. पोराला वाटत होतं तिला वाचवायला हवं. गठ्ठ्यातल्या सगळ्या कवींनी ते पोरगं व्हायचा हट्ट सोडावा आणि त्या आईचं बोलणं नीट ऐकावं, मग लिहावं.

गठ्ठ्यातली एकही कविता ह्या अंकात घेऊ नये, असं मी संपादकांना कळवलंय. ‘आयदान’ आणि ‘जिणं आमुचं’ ह्यांवर पुढच्या अंकासाठी लेख हवेत. बायांनी लिहिलेले आधी छापू. पुरुषांनी पाठवायचे तर पाठवा, पण घरी एकदा वाचून दाखवून पाठवा, आणि घरचं काय म्हणणं पडलं तेही खाली लिहा. कागद एका बाजूनेच लिहावा.

जयभीम.